नदी बंद ठेवा, पण किती वाजेपर्यंत ते तरी लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत कृष्णा नदीवरच्या होड्यांच्या शर्यती जवळ आल्या की घाटावर फ्लेक्स लागतो, 'शर्यतीनिमित्त नदीपात्र बंद, सहकार्य करावे'. वर चार फोटो, खाली दहा फोटो आणि मधे हे एवढंच वाक्य. कुठून कुठपर्यंत बंद, किती ते किती बंद, रोज सकाळी पोहायला येणाऱ्यांना बंद की जाळी टाकणाऱ्यांना पण, कशाचाच पत्ता नाही. घाटावरच्या पोरांना विचारलं तर एक म्हणतो दुपारपर्यंत, दुसरा म्हणतो बक्षीस वाटप होईपर्यंत, आणि बक्षीस वाटप कधी होतं ते पाहुणे कधी येतात त्यावर, आणि पाहुणे कधी येतात ते देवालाच माहीत.

आधीच सांगतो, शर्यतीला माझा विरोध नाही. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, डिग्रजच्या होड्या पाण्यात उतरल्या की आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा नसते आणि ती मजा आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाहिजेच. नदी बंद ठेवण्यालाही विरोध नाही, उलट मी तर म्हणतो आत्ता ठेवता त्याच्यापेक्षा जास्त कडक ठेवा. पण नीट ठेवा. आत्ता काय होतं, तर ज्याचं पोट नदीवर आहे त्याच्यासाठी दिवसभर बंद आणि ज्याची ओळख आहे त्याच्यासाठी दिवसभर उघडी.

मागं एका शर्यतीत बघितलं ते सांगतो. होड्या सुटल्या, मधल्या टप्प्यात आल्या, आणि त्याच वेळी पाहुण्यांना फिरवून आणायला निघालेली मोटारबोट बाजूनं सुसाट गेली, वर मोबाइल धरून शूटिंग चाललेलं. शर्यतीची होडी लांब आणि अरुंद, माणसं बसली की काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहतो. मोटारबोटीची लाट आली ती सरळ काठावरून आत. मागच्या होडीतली दोन पोरं वल्ही टाकून डब्यानं पाणी उपसायला लागली आणि बाकीची जीव खाऊन वल्हवतायत, तोपर्यंत होडी आडवी व्हायला लागलेली. काठावर लोक हसत होते, मला काय हसू आलं नाही. अंगात लाइफ जॅकेट किती जणांच्या होतं ते विचारू नका. आणि त्याच घाटावर सकाळी एका भोई मामांना जाळं काढायला पण पाण्यात उतरू दिलं नव्हतं, का तर नदी बंद आहे.

बाहेरचे लोक हे काम कसं करतात ते जरा वाचून काढलं. अमेरिकेत नदीवर रोइंगची शर्यत असली की त्यांचं कोस्ट गार्ड तेवढ्या शर्यतीपुरता तात्पुरता नियम काढतं आणि तो आधी जाहीर करतं. त्यात नदीचा कुठला टप्पा ते लिहिलेलं असतं, तारीख असते, वेळ असते, आणि त्या दिवशी पाण्यावर पेट्रोल कमांडर नावाचा एकच अधिकारी असतो, परवानगी द्यायची का नाही ते तोच ठरवणार. पुष्कळदा दोन शर्यतींच्या मधे इतर बोटींना हळू, लाट न उठवता जायला वाट देतात. म्हणजे शर्यत आहे म्हणून अख्खी नदी अख्खा दिवस कुणाच्या नावावर करून दिलेली नसते. लंडनला थेम्सवर ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत असते, पटनी ते मॉर्टलेक 6.8 किलोमीटर, तिथंही पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटी आधी नोटीस काढून तेवढ्या वेळापुरती वाहतूक बंद करते. एवढं करूनसुद्धा 2012 ला एक माणूस निषेध म्हणून पोहत होड्यांच्या वाटेत आला, शर्यत साधारण अर्धा तास थांबली, परत सुरू झाली तर वल्ह्याला वल्हं लागून ऑक्सफर्डचं एक वल्हं मोडलं आणि केंब्रिज जिंकलं. तिथं वल्हवणारे पाठमोरे बसतात, पुढं बघतो तो एकटा कॉक्स, म्हणजे होडीची दिशा सांभाळणारा. मग वाटेत कोण आलं तर त्यांना कळणार कधी आणि ते थांबणार कधी.

एवढं लांब कशाला, केरळात अलप्पुळाला पुन्नमडा तळ्यात नेहरू ट्रॉफी असते, 1952 पासूनची परंपरा, तिथं पण शर्यतीच्या दिवशी इतर बोटींवर बंधनं असतात. ते आपलेच लोक आहेत, त्यांना जमतं.

आता आपल्या नदीचं. आयर्विनला 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी हे सांगलीतल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण आयोजकांपैकी काही जण 'अजून इशाऱ्याच्या कितीतरी खाली आहे' म्हणून बिनधास्त असतात, ते मला पटत नाही. ते आकडे वस्तीत पाणी कधी शिरेल त्यासाठी आहेत, होडीसाठी नाहीत. पाणी त्याच्या बरंच खाली असतानाच पुलाच्या खांबांमधून ओढ वाढलेली असते आणि खांबाच्या मागं भोवरे पडतात, तिथं होडी आडवी गेली तर वल्ह्याचा काय उपयोग. शर्यतीसाठी वेगळी पातळी ठरवा आणि त्याच्या वर पाणी असलं की शर्यत पुढं ढकला, पाहुण्यांची तारीख घेतलेली असली तरी. कोयना धरणातून पाणी सोडलं की ते कराडला प्रीतिसंगमावरून कृष्णेत येतं आणि मग आपल्याकडं, यायला वेळ लागतो, त्यामुळं आज घाटावर पाणी शांत दिसतंय याला अर्थ नाही, काल वरून किती सोडलं ते बघायला पाहिजे. पाटबंधारे खात्याकडं ते आकडे रोजच्या रोज असतात, एक फोन करायचा आहे. बंधाऱ्याचं पण तसंच. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेत का काढलेत त्यावर वरचं पाणी स्थिर का वाहतं ते ठरतं, आणि बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याला पाणी उलटं फिरतं, पट्टीचा पोहणारा पण त्यातून सुटत नाही. शर्यत कुठं संपणार ते ठरवताना बंधाऱ्यापासून भरपूर अंतर सोडलंय का, हे कोण तपासतं?

पाण्याखाली पण काय काय असतं. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप काठापासून आत गेलेले असतात, पाणी चढलं की दिसत नाहीत. मगरींचं तर मी बोलतच नाही, भिलवडी-औदुंबरकडच्या लोकांना विचारा. बघ्यांच्या नावा हा आणखी एक ताप, एका नावेत किती चढतात बघा. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला महापुरात नाव उलटली ते आपल्या जिल्ह्यानं भोगलंय, तरी आपण नावेत माणसं मोजत नाही.

माझं म्हणणं असं की जिल्हा प्रशासनानं याचा रीतसर आदेश काढावा. पूर्वी जमावबंदीचं 144 कलम होतं तसं आता नव्या कायद्यात 163 आहे, त्यात ठरावीक जागा आणि ठरावीक वेळ घालता येते. अमुक घाटापासून तमुक घाटापर्यंत, अमुक वाजता सुरू, तमुक वाजता संपला, आणि शेवटची होडी बाहेर आली की बंदी उठली, बक्षीस वाटपाचा आणि बंदीचा काही संबंध नको. हे आठ दिवस आधी घाटावर, सांगलीवाडी आणि हरिपूरच्या ग्रामस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि तुमच्या पेपरात आलं पाहिजे. पाण्यावर जबाबदार अधिकारी एकच, त्याच्या हातात शिट्टी आणि झेंडा, आणि मोटारबोट ही फक्त रेस्क्यूसाठी. ती सुद्धा शर्यतीच्या मागं राहील, बाजूनं पळणार नाही. पाहुण्यांना नदी बघायची हौस असेल तर पूल आहे की, तिथून जास्त चांगली दिसते. लाइफ जॅकेट नाही त्याला होडीत बसू देऊ नका, पोरं म्हणतील वल्हवताना अडचण होते, म्हणू देत.

आणि जाळ्यांचं. भोई लोक संध्याकाळी जाळं टाकतात आणि पहाटे काढतात. त्यांना आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगितलं तर ते टाकणारच नाहीत, कुणाची हरकत नसते. पण न सांगता सकाळी अडवलं तर जाळं पाण्यातच राहतं, मग शर्यतीच्या होडीत अडकतं, मग पोरं ते कोयत्यानं कापतात. नवं जाळं काय फुकट येत नाही. शर्यतीला लाखाची बक्षिसं लागतात, त्यातनं घाटावरच्या चार-पाच घरांची एका दिवसाची मजुरी द्यायला काही जड नाही. ते द्यायचं नसेल तर निदान त्यांच्यातल्याच एकदोघांना रेस्क्यूच्या नावेवर पगार देऊन घ्या. कुठं भोवरा आहे आणि कुठं पाइप आहे ते आयोजकांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

पुढच्या शर्यतीची मीटिंग होईल तेव्हा कुणीतरी हे पत्र तिथं वाचून दाखवावं म्हणून हा खटाटोप. फ्लेक्सवर दोन फोटो कमी केले तर वेळ आणि हद्द लिहायला जागा होते.

आपला,
एक नियमित वाचक, सांगलीवाडी