कर्णबधिरांच्या फोनचा जनक

महोदय,

10 मार्चच्या आसपास ग्रॅहॅम बेलवरचा मजकूर वाचायला मिळतो. 1876 सालचा पहिला फोन, बेलची आई आणि पत्नी दोघीही कर्णबधिर, तो स्वतः कर्णबधिरांचा शिक्षक, एवढं त्यात असतंच. कर्णबधिरांची आपापसातली लग्नं घातक आहेत, असं मांडणारा त्याचा 1883चा निबंध मात्र सहसा त्यात नसतो. फोन घरोघर पोचला तशी कर्णबधिरांची अडचण वाढतच गेली. इतरांची कामं घरबसल्या होऊ लागली, यांना डॉक्टरांची वेळ घ्यायलाही शेजाऱ्याचं दार ठोठवावं लागे. ही कोंडी फुटायला 1964 साल उजाडलं. ती फोडणाऱ्या रॉबर्ट वाइटब्रेख्टचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

वाइटब्रेख्ट 1920 साली कॅलिफोर्नियात जन्मला. कर्णबधिर असून बर्कलीला खगोलशास्त्र शिकला, यर्कीझ वेधशाळेत काम केलं, पुढे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेला. त्याचा खरा जीव हॅम रेडिओत, म्हणजे हौशी बिनतारी संपर्कात होता. बोलण्याऐवजी टेलिप्रिंटर (टाइप केलेला मजकूर दूरवर पाठवून तिथे छापणारं यंत्र) जोडून रेडिओवरून छापील मजकूर पाठवणाऱ्या हौशी मंडळींत तो तरबेज मानला जाई. तिथे समोरच्याला ऐकू येतं की नाही, याने काही अडत नसे. पॅसाडीनाचे कर्णबधिर दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स यांनी त्याला विचारलं, हेच फोनवरून का जमू नये? उद्योजक अँड्र्यू साक्स, तेही कर्णबधिर, पुढे त्यांना येऊन मिळाले.

अडचण दुहेरी होती. टेलिप्रिंटर विजेच्या स्पंदांवर चालतो आणि फोनची तार आवाजासाठी असते. शिवाय बाहेरचं कोणतंही यंत्र तारेला जोडायला फोन कंपनीची बंदी होती. वाइटब्रेख्टने तारेला हातच लावला नाही. त्याने फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत बसवला. एका वाटीत छोटा स्पीकर, दुसरीत मायक्रोफोन. कळ दाबली की 1400 आणि 1800 हर्ट्झचे सूर एकामागून एक वाजत. फोनच्या दृष्टीने ते नुसतं बोलणं. पलीकडचं यंत्र ते सूर ऐकून अक्षर छापी. प्रत्येक अक्षराला पाच खुणा, एक खूण 22 मिलिसेकंदांची, आधी सुरुवातीची आणि शेवटी थांब्याची खूण. सगळं धरून सेकंदाला सहा अक्षरं, मिनिटाला साधारण 60 शब्द.

बिघडायचं कुठे, तेही सांगायला हवं. पाच खुणांच्या फक्त 32 जुळण्या होतात, म्हणून एक अक्षर आणि एक आकडा एकाच जुळणीवर बसवून दोन्हींत बदल करणारी वेगळी जुळणी ठेवलेली असते. तारेवरच्या खरखरीमुळे तेवढीच एक जुळणी हरवली, तर पुढचा सगळा मजकूर आकड्यांत छापला जाई. वाटी सैल असली किंवा खोलीत दार आपटलं, तर मधेच भलतीच अक्षरं उमटत. रिसीव्हर उलटा ठेवला, तर काहीच नाही. लांबच्या कॉलवर आपलाच सूर तारेतून प्रतिध्वनी होऊन परत येई आणि छपाई विस्कटे. त्यावर तोड काढण्यात वाइटब्रेख्टची बरीच मेहनत गेली. दोघांनी एकाच वेळी टाइप केलं तर दोघांकडेही कचराच, म्हणून आपलं संपलं की ‘जीए’, म्हणजे आता तुमची पाळी, आणि कॉल संपवायचा तर ‘एसके’, अशी शिस्त पडली. घंटा ऐकू येत नाही, म्हणून फोन वाजला की दिवा लुकलुके.

पहिला लांबचा कॉल मे 1964 मध्ये रेडवुड सिटी ते पॅसाडीना असा झाला. पण शोध लागला म्हणजे काम झालं नाही. यंत्रं आणायची कुठून? वापरातून बाद झालेले टेलिप्रिंटर कंपन्या मोडीत काढत. 1966 पर्यंत अख्ख्या अमेरिकेत अशी विसेक यंत्रंसुद्धा चालू नव्हती. 1968 मध्ये कर्णबधिरांनी स्वतःची संस्था उभारली, फोन कंपनीशी करार करून जुनी यंत्रं मिळवली. त्याच वर्षी अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या ‘कार्टरफोन’ निकालाने बाहेरची उपकरणं जोडायची बंदीही उठली. एकेक यंत्र शंभर किलोच्या घरातलं. गोदामातून ते उचलायचं, जिना चढवायचं, तेलपाणी करायचं, फीत बदलायची, हे सगळं स्वयंसेवकांनी केलं, आणि त्यांतले बरेच जण कर्णबधिर होते. आमच्या मते वाइटब्रेख्टच्या पेटंटइतकंच या हमालीचं मोल आहे. टाइप करणं बोलण्याहून संथ, त्यामुळे लांबच्या कॉलचं बिल फुगे. तरीही लोकांनी ती यंत्रं हौसेने घेतली. 1990च्या अमेरिकी अपंगत्व कायद्याने देशभर मध्यस्थ सेवा सक्तीची केली. कर्णबधिराने टाइप केलेलं ऑपरेटर समोरच्याला वाचून दाखवतो आणि उत्तर टाइप करून परत पाठवतो. ते पाहायला वाइटब्रेख्ट नव्हता. 1983 मध्ये मोटारीच्या धडकेने तो गेला.

आता हातात स्मार्टफोन आहेत आणि कर्णबधिर व्हिडिओ कॉलवर सांकेतिक भाषेत मनसोक्त बोलतात. तरी अर्जावर ‘संपर्क’ म्हणून एकच लँडलाइन नंबर असतो, तक्रार नोंदवायला ‘फोन करा’ असतं, पार्सलवाला दारातून कॉल करतो आणि कुणी उचलला नाही की परत जातो. 2016चा दिव्यांग हक्क कायदा होऊनही हे चालू आहे. उपाय खर्चिक नाही. नंबराशेजारी ‘संदेशही चालेल’ एवढं छापायचं आणि त्या संदेशांना उत्तर देणारं माणूस नेमायचं. दुसरी गोष्ट राहिली तर पहिलीचा उपयोग नाही. आपल्या वृत्तपत्रातल्या छोट्या जाहिराती, रक्तदान शिबिरं आणि कार्यक्रमांच्या निवेदनांत फोन नंबरासोबत संदेशाचा नंबरही मागून घ्यावा, ही विनंती. निवेदन स्वीकारण्याच्या अर्जात त्यासाठी एक रकाना वाढवला तरी पुरेल.

– कर्णबधिर हक्कांसाठी काम करणारे काही वाचक, पुणे