दूधसागर सहलीतील नादुरुस्त वाहन आणि दुबार आकारणीबाबत तक्रार

पुणे, दि. २७ मे २०२४

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय : दि. १८ मे २०२४ रोजीच्या दूधसागर सहलीत वातानुकूलन बंद असलेले वाहन पाठवल्याबद्दल, तसेच पॅकेजमध्ये समाविष्ट असलेले शुल्क आम्हाला पुन्हा भरावे लागल्याबद्दल.

महोदय,

शाळेपासूनच्या आम्ही सहा मैत्रिणी, सगळ्याच पन्नाशी ओलांडलेल्या, आपल्या तीन रात्री चार दिवसांच्या गोवा सहलीसाठी प्रत्येकी १४,५०० रुपयांप्रमाणे एकूण ८७,००० रुपये भरून १६ मे रोजी निघालो होतो. पणजीतले हॉटेल चांगले होते आणि बाकीच्या दिवसांबद्दल आमचे काही म्हणणे नाही. हे पत्र केवळ शनिवार, दि. १८ मे या एका दिवसाबद्दल आहे.

उकाड्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करते. पाऊस तोंडावर आलेला असताना घाटाच्या पायथ्याशी हवा कोंदट असणारच. घाम येतो आणि वाळत मात्र नाही, हे कोकणात आजोळ असलेल्या बाईला कुणी सांगायला नको. म्हणूनच तर बुकिंग करताना मी गाडीचा एसी नीट चालतो ना, असे दोनदा विचारले होते, कारण आमच्यातल्या एकीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि हेही तेव्हाच आपल्या कार्यालयात सांगितले होते. दोन्ही वेळा मला ‘काळजीच करू नका मॅडम’ असे उत्तर मिळाले.

आपल्या छापील कार्यक्रमानुसार सकाळी साडेसहाला यायची गाडी ८ वाजून १० मिनिटांनी आली. उशिराचे एक वेळ सोडून देऊ. पण फोंड्यापर्यंत एसीच्या जाळीतून कोमट येणारी हवा फोंडा मागे पडताच चक्क गरम येऊ लागली, आणि गाडी एसीसाठीच बांधलेली असल्याने आमच्या बाजूची एकही काच उघडत नव्हती. ड्रायव्हरच्या पुढ्यात चिमट्याने अडकवलेला एक छोटा पंखा होता व त्याचे तोंड त्याच्याकडे होते. तो पंखा पाहूनच मला शंका आली, कारण ज्याच्या गाडीत एसी चालतो तो माणूस असा पंखा कशाला लावील? विचारल्यावर तो बिचारा खरे बोलला : ‘ताई, गॅस आठ दिवसांपूर्वीच संपलाय. ऑफिसला दोनदा कळवलंय. ते म्हणाले, ही ट्रिप मारून ये, मग बघू.’

माझ्या तक्रारीचे मूळ या वाक्यात आहे. गाडी वाटेत बिघडली असती तर आम्ही पदर खोचून चालत गेलो असतो, पण बिघडलेली गाडी माहीत असून पाठवायची आणि पावतीवर ‘वातानुकूलित वाहन’ असे लिहून पैसे घ्यायचे, याला अडचण म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

मोले येण्याच्या सुमारास आमच्या त्या मैत्रिणीच्या हातापायांना मुंग्या आल्या, चेहरा पांढरा पडला आणि गाडी थांबेपर्यंत तिला उलटी झाली. ड्रायव्हरने लगेच गाडी सावलीत घेतली, स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि जवळच्या टपरीवरून मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी आणले. त्याच्याविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही आणि या पत्रामुळे त्याच्यावर काही कारवाई केल्यास ती आमच्या इच्छेविरुद्ध असेल, याची कृपया नोंद घ्यावी.

धबधब्याकडे जाणाऱ्या जीप जिथून सुटतात त्या कुळ्याला पोहोचलो तेव्हा ११ वाजून २५ मिनिटे झाली होती. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘जीप, वनखात्याचे प्रवेशशुल्क आणि लाइफ जॅकेट समाविष्ट, जीप आगाऊ राखीव’ असे स्पष्ट छापलेले आहे. प्रत्यक्षात काउंटरवर आमच्यापैकी कुणाच्याही नावाने किंवा आपल्या कंपनीच्या नावाने कसलीच नोंद नव्हती. आपल्या सहल-समन्वयकांनी पहिल्या फोनला ‘करून ठेवलंय’ असे सांगितले, दुसरा उचलला नाही आणि तिसऱ्या वेळी फोन बंद होता. शेवटी रांगेत उभे राहून आम्ही रोख ४,८६० रुपये भरले व पाऊण तासाने आमचा नंबर लागला. जीप सातजणांची असते आणि पैसे पूर्ण जीपचे घेतले जातात, त्यामुळे तिच्यात शेवटी चौघीच बसल्या तरी रक्कम कमी झाली नाही.

चौघीच, कारण आजारी मैत्रिणीला त्या खडबडीत रस्त्यावरून, ओढे ओलांडत आणि पुढे दगडगोट्यांतून चालवत नेणे शक्य नव्हते आणि तिला एकटीला सोडणेही शक्य नव्हते. मी तिच्यासोबत कुळे स्टेशनच्या फलाटावर, चालणाऱ्या पंख्याखालचा एक बाक शोधून साडेतीन तास बसले. घाट चढायला जादा इंजिने जोडून निघालेली एक मालगाडी तेवढी पाहिली. दूधसागर मी पाहिला तो संध्याकाळी, मैत्रिणीच्या मोबाइलवर.

तो पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या माहितीपत्रकावर डोंगरभर फेसाळलेला धबधबा आणि त्याच्या पुढ्यातून जाणारी रेल्वे असा फोटो आहे. मोबाइलमध्ये मात्र ३१० मीटर उंचीच्या त्या काळ्या कड्यावरून पाण्याच्या दोन-तीन बारीक रेघा उतरत होत्या. मे महिन्यात पाणी कमी असणार हे मी समजू शकते. परंतु पावसाळ्यात ओढे भरले की जीपचा रस्ता बंद ठेवतात, म्हणजे फोटोतला तो भर पावसाळ्यातला धबधबा आपल्या जीपच्या पॅकेजमध्ये दिसण्यासारखा नाही. फोटोखाली तो पावसाळ्यातला असल्याची एक ओळ छापायला काय हरकत होती?

जीप परत येईपर्यंत चार वाजून गेले आणि गाडी सहापर्यंत पणजीत पोहोचवायची असल्याने तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर रद्द झाले. माझ्यापुरते तेच या दिवसाचे मुख्य आकर्षण होते.

या सगळ्याबद्दल मी २० मे रोजी व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर कळवले असता दोन दिवसांनी ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढा मजकूर आणि पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. ज्या कंपनीने भरलेल्या पैशांची सेवा दिली नाही, तिच्याकडे आणखी पैसे भरून सवलत मिळवावी, हा उपाय आम्हा सहाजणींपैकी एकीलाही पटलेला नाही, म्हणून ते कूपन आम्ही नाकारत आहोत.

कुळ्याला आम्ही भरलेले ४,८६० रुपये पूर्ण परत मिळावेत; त्या दिवसाचे वाहनभाडे आणि न दाखवलेल्या मंदिराच्या फेरीचा खर्च यांचा हिशेब लेखी देऊन तीही रक्कम परत करावी; आणि ती गाडी दुरुस्त झाल्याशिवाय दुसऱ्या प्रवाशांना देणार नाही असे लेखी कळवावे, अशी आमची मागणी आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बँकेत तीस वर्षे ग्राहकांच्या तक्रारींची फाइल सांभाळली असल्याने कागद कसे लावायचे ते मला ठाऊक आहे.

सोबत पैसे भरल्याची पावती, छापील कार्यक्रमपत्रिका, कुळ्याच्या काउंटरवरील पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण यांच्या प्रती जोडल्या आहेत. सहलीचे पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परताव्याची रक्कम जमा करावी.

आपली विश्वासू,
(सहा प्रवाशांच्या वतीने)