मधली खुर्ची

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

पंचायतीच्या मासिक सभेचा फोटो पोचला. मधल्या खुर्चीत तू, आणि सरपंच झालेली सूनबाई कडेला पदर सावरून. मी काही बोलायच्या आत तुझी आई चष्मा पुसत म्हणाली, "अगदी तुमच्यासारखा बसलाय."

1997 साली आपल्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा तुझ्या आईचा अर्ज मीच भरला. पेन्सिलीने फुली मारायचो तिथं ती सही करायची. सभेला मी जायचो, आणि शिपाई इतिवृत्ताची वही सहीला घरी आणायचा. एकदा तिने वही पुढे सरकवलीच नाही. सातवी शिकलेली ती, सगळं वाचून काढलेलं. "पाइपलाइन देवळापाशीच का थांबली? वरच्या आळीला नळ नको?" मी म्हणालो, त्यातलं तुला काय कळतंय. तिने सही केली. वरच्या आळीच्या बायका पुढे नऊ वर्षं डोक्यावर हंडे वाहत राहिल्या. मंजूर झालेल्या ठरावावर तिची सही होती, बोल मात्र तिनेच ऐकले. पाणवठ्यावर मला कोण गाठणार होतं?

1993 पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्याकडे 2011 पासून निम्म्या. जागा मिळाली तरी खुर्चीवर आमच्यासारखे टपलेले असतातच. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आपल्या गावात वही घरोघर फिरवून सह्या गोळा व्हायच्या, की झाली सभा! यंदा ती खरोखर भरू दे. वेळ दुपारची ठेवायला सांग. संध्याकाळी चूल सोडून कोण येणार?

आणखी एक. चेकवर सही सूनबाईची आणि ग्रामसेवकाची (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय म्हणे). उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर नोटीस तिच्या नावाने येईल, तुझ्या नाही. तेव्हा बिलं तिला वाचू देत, आणि एखाद्या बिलावर ती अडली तर घाई करू नकोस.

पुढच्या सभेला तिला गाडीवरून सोड आणि पिंपळाखालच्या बाकड्यावर बस. लोक हसतील, चहा सांग त्यांना.

आईला सूनबाईशी बोलायचंय, वरच्या आळीबद्दल. रात्री फोन करेल. फोन तिच्या हातात दे, स्पीकरवर टाकू नकोस.

तुझे,
बाबा