कस्टमचे किती आणि कुरियरचे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाच्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापरासाठी परदेशातून मागवलेल्या वस्तूंवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली, तेव्हा आमच्या रेकॉर्डवाल्या मित्रमंडळींत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. दर उतरला, चांगलं झालं. पण पार्सल दारात आल्यावर आपण जी रक्कम मोजतो, तिच्यातली किती सरकारजमा होते आणि किती मधल्या मध्ये जाते, हे दर निम्मा झाल्याने थोडंच कळणार आहे? माझं गाऱ्हाणं तेवढ्यापुरतंच आहे.

मी जुन्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या जमवतो. बालगंधर्व, हिराबाई, अब्दुल करीम खाँसाहेब. अर्ध्या कपाटात नाट्यसंगीत आणि अर्ध्या कपाटात ख्याल, ठुमरी. या लाखेच्या तबकड्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची सुई टेकवली तर ती खाचेच्या तळाशी नुसती घरंगळत राहते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. त्यासाठी टोकाला सुमारे तीन हजारांश इंच असलेली वेगळी सुई लागते. चावीच्या फोनोच्या पोलादी पिना जुन्या बाजारात मिळतात, पण त्या जड साउंडबॉक्सखाली तबकडी खरवडून काढतात. विजेवरच्या प्लेअरला चालणारी हिऱ्याच्या टोकाची सुई मला कोल्हापुरात मिळाली नाही, पुण्या-मुंबईतही मिळाली नाही. म्हणून ती इंग्लंडहून मागवावी लागते.

सुईची किंमत आपल्या रुपयांत ४,२०० आणि कुरियरचं भाडं १,९००. वजन म्हणाल तर डबीसकट मूठभर शेंगदाण्यांएवढंही नाही. माल विमानाने मुंबईला लवकर पोचला आणि तिथेच बसला. संकेतस्थळावर रोज एकच ओळ: प्रक्रिया सुरू आहे. मग आधार आणि पॅन मागणारा निरोप आला, ते पाठवले. पुन्हा तोच निरोप, पुन्हा तेच कागद. त्यानंतर कुरियरच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. डबीवर डायमंड असं छापलं होतं, त्यामुळे ‘काका, यातल्या हिऱ्याच्या किमतीचं बिल पाठवा’ असं तिचं म्हणणं. तो हिरा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, हे तिला पटवण्यात माझी एक सकाळ गेली. मुलगी गोड बोलत होती, तिचा काही दोष नाही. समोरच्या पडद्यावर जो रकाना रिकामा होता, तो तिला भरायचा होता.

शेवटी रकमेचा निरोप आला. कस्टम २,८७४ रुपये, खाली पैसे भरायची लिंक. बस्स. तपशील नाही, पावती नाही.

माझी सगळी नोकरी बँकेत झाली. खातेदाराच्या खात्यातून पाच रुपये कापले, तरी ते कशाचे हे पासबुकात दिसायला हवं, या शिस्तीत आम्ही वाढलो. त्यामुळे मी त्या बिलाच्या मागेच लागलो. आधी नियम वाचले. शुल्क नुसत्या वस्तूवर बसत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसतं. त्या शुल्कावर सर्वसाधारणपणे १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. फारसं ठाऊक नसलेलं असं, की २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार विमानाने आलेल्या मालाचं भाडं प्रत्यक्षात कितीही झालेलं असो, शुल्काच्या हिशोबात ते मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर तो मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरायचा. म्हणजे माझ्या १,९०० रुपयांच्या भाड्यापैकी फक्त ८४० रुपयेच धरायला हवे होते. हलकी, लहान वस्तू मागवणाऱ्यांचं भाडं वस्तूच्या मानाने नेहमीच अवाच्या सवा असतं. त्यांच्यासाठी हा नियम मोलाचा आहे. पण तो आपल्या बाबतीत पाळला की नाही, हे एका आकड्याच्या निरोपावरून ताडायचं कसं?

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर कुरियरने बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत धाडली. ती बघून मी चाटच पडलो. कस्टम खात्याचा हिशोब चोख होता. भाडं ८४० च धरलेलं, विमा नियमाप्रमाणे, आणि सरकारचा एकूण कर १,५७६ रुपये. मग उरलेले १,२९८? ते कुरियरचे. सरकारला आमच्या वतीने आधी पैसे भरले म्हणून एक शुल्क, हाताळणीचं दुसरं, आणि त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. त्यांनी काम केलं, त्याचे पैसे घ्यावेत, माझी ना नाही. पण मग ते कस्टम या नावाखाली का? माझ्या ओळखीतले किती तरी जण अशी रक्कम भरून सरकारच्या नावाने बोटं मोडतात. त्यातले जवळपास निम्मे शिव्याशाप भलत्याच पत्त्यावर जात असणार.

टपालाने मागवून पाहा, असं काही मित्र सांगतात. तो अनुभव मलाही आहे. वेळ जास्त लागतो, पण पोस्टमन पैसे मागताना कागद दाखवतो आणि पावती देतो. आणखी एक सल्ला हमखास मिळतो: पाठवणाऱ्याला वर भेटवस्तू असं लिहायला सांगा. हा सल्ला आता जुना झाला. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तू करमुक्त येत. त्या वाटेने ऑनलाइन दुकानांचा माल, विशेषतः चीनमधला, सर्रास येऊ लागला, तेव्हा १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने ती सवलत काढली. उरल्या फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधं. राखीबरोबरच्या चॉकलेटलासुद्धा सूट नाही. बाकी भेट पाठवता येते, पण पूर्ण कर भरून.

यातली सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच आहे. सुई मुंबईत अडकलेली असतानाच मला आणखी एक लिंक आली होती: तुमचं पार्सल कस्टमने रोखलं आहे, त्वरित पैसे भरा. ती भामट्यांची होती. पण खऱ्या निरोपात आणि त्या निरोपात फरक काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. कस्टम खातं वारंवार बजावतं की आम्ही फोनवरून किंवा खासगी खात्यात पैसे मागत नाही. आमच्या पत्रव्यवहारावर डीआयएन, म्हणजे प्रत्येक पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर पडताळा. नोव्हेंबर २०१९ पासून ही सोय आहे आणि ती चांगली आहे. पण कुरियरचा निरोप म्हणजे खात्याचं पत्र नव्हे, त्यामुळे त्यावर तो क्रमांक नसतो. पडताळायचं काय? फसल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, हे उत्तर माझ्या वयाच्या माणसाला पुरेसं वाटत नाही.

माझी मुलगी मेलबर्नला असते. तिथे १ जुलै २०१८ पासून एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या परदेशी खरेदीवरचा १० टक्के जीएसटी मोठे विक्रेते वस्तू विकतानाच घेतात आणि सरकारला भरतात. ब्रिटनने २०२१ च्या जानेवारीपासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालासाठी असंच केलं. कर तिथेही चुकत नाही, पण तो बटण दाबण्याआधी दिसतो. आपल्याकडे हे उद्या होईल अशी माझी भाबडी समजूत नाही. परदेशी विक्रेत्यांची नोंदणी, वसुली, बरंच काही लागेल.

मात्र एक गोष्ट करायला यातलं काहीच लागत नाही. पैसे मागणाऱ्या प्रत्येक निरोपासोबत बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, धरलेलं मूल्य, सरकारचा कर आणि कुरियरचं स्वतःचं शुल्क असे चार वेगळे आकडे द्यायचे, असं बंधन कुरियर कंपन्यांवर घालावं. आकडे त्यांच्याकडे असतातच, मला ते उशिरा का होईना पण त्यांनीच दिले. तो क्रमांक ग्राहकाला कस्टमच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळता आला, तर भामट्यांच्या लिंकाही आपोआप उघड्या पडतील. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने यावर काही खुलासा केला, तर आपण तो जरूर छापावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी, कोल्हापूर