धरमकाट्यावर तोललेली गाडी : मिस्त्री काकाजींना आभाराचे पत्र

आदरणीय मिस्त्री काकाजी यांस,
सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आपण माझ्या हातातला बयाणा पुन्हा खिशात ठेवायला लावला नसता, तर आज माझ्या अंगणात दीडशे अश्वशक्तीची आणि तेराशे किलोंहून जड अशी जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया उभी असती आणि मी तिच्या सुट्या भागांसाठी नागपूरच्या चकरा मारत असतो. हे पत्र मुद्दाम उघड लिहीत आहे, कारण दारव्हा-दिग्रसकडची आणखी काही मुले ऑटोक्रॉससाठी गाडी शोधत आहेत आणि त्यांच्याही डोक्यात, माझ्यासारखीच, फक्त अश्वशक्ती आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे काय हे आपल्याला समजावताना मला फारसे बोलावे लागले नव्हते. मुरमाच्या मैदानावर शंकू मांडून आखलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एक गाडी आणि शर्यत फक्त घड्याळाशी, एवढे ऐकून तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, वर्षानुवर्षे पाहिलेले आपण म्हणालात, "म्हंजे पटच झाला." मग ऑक्टाव्हियाचे छायाचित्र परत देताना आपण जे म्हणालात ते मी आपल्याच शब्दांत देतो : "बापू, सीद्या रस्त्यावर कोनतीबी गाडी पयते, वयनावर पाय." म्हणजे सरळ रस्त्यावर कोणतीही गाडी पळते, ती वळणावर पाहा.

त्याआधी माझा जीव गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मवर जडला होता, हेही कबूल करतो. फायबरचे अंग, दोनच आसने, ११४९ सीसीचे रेनो इंजिन. कागदावर तीच खरी हलकी स्पोर्ट्स कार. आपण एकच विचारले, समोरची काच फुटली तर कुठून आणशील? त्या प्रश्नावर मी आजही निरुत्तर आहे.

सर्वांत मोठा उपकार मात्र धरमकाट्याचा, म्हणजे भरल्या गाड्या तोलण्याच्या मोठ्या काट्याचा. कापसाच्या गाड्यांची गर्दी ओसरल्यावर आपण ओळखीच्या जिनिंगमध्ये एक मारुती झेन नेली आणि ती आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून तोलली. पूर्ण गाडी ७५० किलो, पुढचा भार ४६०. अशा काट्यावर दहा किलोंचा फरक धरावा लागतो, हेही आपण बजावलेत. १९९६ साली आलेल्या पहिल्या लोटस एलिस या हलक्या स्पोर्ट्स कारचे वजन सुमारे ७२५ किलो होते, असे मी उत्साहाने सांगितले, तेव्हा "मंग अर्धी लोटस तर दारातच हाय" म्हणून आपण हसलात. अर्थात एलिसचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते आणि झेनचे नाकात. हा फरक लहान नाही, आणि तो आपण पुढे माझ्याकडून मैदानावर घोटून घेतलात.

मागचे आसन, स्टेपनी, जॅक आणि गालिचे काढल्यावर आपण गाडी पुन्हा काट्यावर चढवलीत. पूर्ण ७००, पुढे ४५०. मी पन्नास किलो घटल्याच्या आनंदात होतो. आपण दाखवलेत की त्यांतले चाळीस मागून गेले, म्हणजे मागची चाके आता उगाचच हलकी झाली. सैल मुरमावर हँडब्रेक ओढताच मागचा भाग झटकन फिरतो, हा त्याचा फायदा, आणि जोराने ब्रेक मारल्यास तोच भाग आपल्या मनाने पुढे यायला पाहतो, हा तोटा. जड गाडीचे टायर रस्त्याला अधिक दाबले जातात हे खरे, परंतु भार जितका वाढतो तितक्या प्रमाणात पकड वाढत नाही, हे मला पुस्तकांतून कळले नव्हते ते आपल्या भरल्या आणि रिकाम्या बैलबंडीच्या दाखल्याने कळले.

झेन की मारुतीचीच एस्टीम, यावर आपला माझा वाद दोन आठवडे चालला. एस्टीममध्ये १२९८ सीसी आणि ८५ अश्वशक्ती, झेनमध्ये ९९३ सीसी आणि ६०. वजनाशी भागले तरी एस्टीमच सरस ठरते आणि रॅलीवाल्यांची ती जुनी लाडकी आहे. पण स्पर्धेतले गट सहसा इंजिनाच्या क्षमतेनुसार पडतात, त्यामुळे नवख्याने लहान गटात अल्टो आणि मारुती ८००च्या बरोबर शिकावे, असा आपला आग्रह होता. मग झेनमध्ये एस्टीमचे इंजिन बसवण्याची युक्ती मी काढली, ती आपण गट बदलेल आणि आरसी बुकाचा घोळ होईल म्हणून मोडीत काढलीत. त्या वेळी मला राग आला होता. त्याबद्दल क्षमा असावी.

खरेदीच्या दिवशी आपण इंजिनाआधी दाराखालचा पत्रा टोचून पाहिलात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सलचा कटकट आवाज ऐकलात. त्या आवाजावरून आपण पहिली गाडी नाकारलीत. दुसरी आज माझ्याकडे आहे.

पहिल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत मी दोन शंकू पाडले आणि दंडाचे सेकंद घेतले. तिसऱ्या फेरीत एकही पडला नाही; सबंध फेरी दुसऱ्या गिअरमध्ये झाली, तिसरा लागलाच नाही, अगदी आपण सांगितले होते तसे. क्रमांक आला नाही.

आपण मजुरी म्हणून फक्त ऑइल आणि ब्रेक पॅडचे पैसे घेतलेत. उरलेला हिशेब कापसाचे चुकारे आले की घेऊन येतो. तेव्हा नाही म्हणू नये, ही विनंती. येताना झेनच आणीन, कारण डावीकडचा पुढचा शॉकअप गळायला लागला आहे.

आपला कृतज्ञ,
झेनवाला बापू