आमचे घर निळ्या रेषेत आहे, पुराच्या नोंदीत नाही

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
मदत व पुनर्वसन, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझे वडिलोपार्जित भुसार दुकान असून त्याच्याच मागे आमचे राहते घर आहे. दुकानाचे जोते साडेतीन फुटांनी उंच करण्याच्या परवानगीसाठी मी अर्ज केला होता. मिळकत निळ्या पूररेषेच्या आत येत असल्याने परवानगी देता येत नाही, असे उत्तर आले. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या एका कार्यालयातून माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जालाही उत्तर आले. २००५ च्या पुरात आमच्या आळीत पाणी किती चढले होते याची नोंद मी मागितली होती. ती ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असे एका ओळीत कळवण्यात आले. ही दोन्ही पत्रे समोर ठेवून मी आपणांस लिहीत आहे. जोते उंच करू द्यायचे नसते तेव्हा आमचे घर पुरात असते आणि पुराचा दाखला मागितला की ते पुरात नसते, हे मला मान्य नाही.

नोंद आमच्या भिंतीवर आहे. २६ जुलै २००५ चे पाणी ओसरल्यावर वडिलांनी जिन्याशेजारी खिळ्याने रेघ ओढून खाली तारीख कोरली. ती जमिनीपासून सात फुटांवर आहे. तिच्यावर अडीच फुटांवर २२ जुलै २०२१ ची माझी रेघ आहे. घराला दोनदा रंग दिला, पण तेवढी भिंत आम्ही तशीच ठेवली. निळी रेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, असे मला नकाशावर बोट ठेवून समजावण्यात आले. आमच्या दोन रेघांमध्ये सोळा वर्षांचे अंतर आहे. सरासरी म्हणजे काय हे मला कळते, परंतु जुन्या पातळ्या कोणत्याही दप्तरात नसतील तर ती सरासरी काढली कशावरून, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

या गावाने पाण्याखेरीजही बरेच सोसले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वडिलांनी आजीला उचलून अंगणात आणले होते. मागच्या खोलीच्या भिंतीतली तेव्हाची भेग मी लहानपणापासून पाहत आलो. २ जुलै २०१९ च्या रात्री आमच्याच तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे वाहून गेली आणि धरण खेकड्यांनी पोखरले, असे त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकरी आधीपासून करत होते. त्या तक्रारी कोणी वाचल्या असत्या, तर ती माणसे आज असती, असे मला आजही वाटते.

पाणी कसे येते हे येथे शाळेतले पोरही सांगेल. वाशिष्ठी सह्याद्रीवरून वेगाने उतरते, शहराशी येता येता मंदावते आणि आणलेला गाळ येथेच टाकते. शिवनदी येथेच तिला मिळते, आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की गोवळकोटच्या पुढे पाण्याला वाट मिळत नाही. २०२१ मध्ये आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. त्यात कोयनेची वीज तयार झाल्यावर पोफळी, अलोरे, कोळकेवाडीकडून सुटणारे अवजलही याच नदीत येते. त्या रात्री ते किती सुटले यावर आजही वाद आहे. तासागणिक आकडे लोकांसमोर ठेवले असते तर वाद उरला नसता. एक हजार नऊशे साठ मेगावॅटचा प्रकल्प ज्या पाण्यावर चालतो ते पाणी आमच्या दारावरून समुद्राला जाते, आणि ते किती येणार आहे हे आम्हालाच कळत नाही.

त्या रात्री अडीच वाजता मागच्या मोरीतून पाणी वर येऊ लागले. भोंगा वाजला नाही, कोणी सांगायला आले नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला मी आणि मुलाने खुर्चीसकट माळ्यावर नेले. तेथे आम्ही पाच जण एकोणीस तास बसून होतो; खाली तांदळाची पोती फुगून फुटल्याचे आवाज येत होते. आई काही बोलली नाही, फक्त पाणी कुठल्या पायरीला आले ते विचारत राहिली. पुढे घर धुऊन झाले, चूल पेटली, तरी तिचे ते विचारणे थांबले नाही. कार्तिकात ती गेली. तिचा पंचनामा झाला नाही आणि मी तो मागतही नाही.

दुकानाचा झाला. साडेनऊ फुटांच्या ओल्या भिंतीसमोर उभे राहून ‘सुमारे चार फूट’ असे लिहिले गेले. साडेअकरा लाखांचा माल गेला होता. दुकानदारांना मदतीची कमाल मर्यादा पन्नास हजारांची होती. अकरा हजार पाचशे कोटींच्या मदतीची घोषणा आम्ही मेणबत्तीच्या उजेडात मोबाईलवर वाचली. त्याच वर्षी डिसेंबरात नदीतला गाळ काढावा म्हणून या शहरातल्या माणसांना उपोषणाला बसावे लागले. गाळ नदीत दिसत होता. तो दाखवण्यासाठी उपाशी बसायची पाळी नागरिकांवर का यावी?

मंत्रिमहोदय, २००५ च्या पुरानंतर पाच महिन्यांत देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आणि आराखडा मिळाला. ज्या पुराच्या वर्षी हा कायदा झाला, त्या पुराची पातळी आमच्या आळीपुरती कुठल्याच दप्तरात नसेल, तर त्या आराखड्यात आमच्यासाठी काय लिहिले आहे? तुमची व्यवस्था मदतीचे आकडे पिढ्यान्‌पिढ्या जपते आणि पाण्याचे आकडे हरवते. १८६४ साली स्थापन झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने दोन्ही पुरांत पुस्तके गमावली, तरी माणसांनी भिजलेली पाने वाळवून जेवढे वाचले तेवढे सांभाळले. सरकारी दप्तराची कोरडी पाने कुठे गेली, हे तुम्ही आम्हाला सांगावे.

माझे मागणे एवढेच आहे. शहरातल्या प्रत्येक आळीत घराघरांच्या भिंतींवरच्या खुणा मोजून, तारखेसह सरकारी नोंदीत घ्याव्यात. नदीची पातळी आणि अवजलाचा विसर्ग पावसाळ्यात तासागणिक जाहीर व्हावा, आणि रात्री भोंगा वाजवण्याची जबाबदारी कोणाची, ते पद नावानिशी कळावे. पूररेषेतल्या जुन्या घरांना स्वतःच्या खर्चाने जोते उंच करण्याची मुभा द्यावी. ती देता येत नसेल तर दुसरी जागा द्यावी. येत्या रविवारपासून मी आणि शेजारचे चार दुकानदार आमच्या आळीतल्या भिंती मोजायला सुरुवात करत आहोत. कागदावर सही करायला आपला एक माणूस पाठवावा.

आपला,
बाजारपेठेतील एक भुसार दुकानदार,
चिपळूण