गोडाचं पत्र

डिचोली

प्रिय गुरू,

चार महिने उत्तर नाही म्हणून घातलेल्या शिव्या पोचल्या. गुडघा तसाच, बाकी ठीक. आपलं बिंग फुटायची वेळ आलीय, म्हणून आज लिहायला बसलो.

चवथीला माटोळीचं सामान काढताना माळ्यावरून दादाची ट्रंक खाली आली. आत श्रीलंकेहून आलेली सगळी पत्रं, पत्ता तोच, लष्करी टपालाचा, ५६ एपीओ. सोनू रोज संध्याकाळी आजीला एकेक वाचून दाखवते. अक्षर न् अक्षर वाचते रे, तुझ्यामाझ्यासारखी नाही!

१९८७ आठव. फेब्रुवारीत गोव्याचा राजभाषा कायदा, मेमध्ये घटकराज्य, आणि आपण दोघं एकाच भिंतीवर गेरूनं भांडत होतो, तू कोंकणीचा, मी मराठीचा. जुलैत श्रीलंकेशी करार झाला आणि पाऊस सरेपर्यंत दादा शांतिसेनेबरोबर जाफन्यात. आई विचारायची, "शांतिसेना जाल्यार बंदूक कित्याक?" तुझा प्रश्न त्याहून मोठा, घरात कोंकणी बोलणारा दादा लढाईतून मराठीत का लिहितो. अरे, शाळेत तेच शिकला, दुसरं काय लिहिणार! (पटलेलं नसणारच तुला अजून.)

ते लांब पत्र आठवतं? रस्त्यात सुरुंग, म्हणून शेतातून चालतो. नल्लूरच्या देवळात माणसं आसऱ्याला दाटलीत. आणि ते घर. दार लाथेनं उघडलं तर आत एकटी म्हातारी, हुबेहूब आपली आई. तिनं हात जोडले. 'शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं,' असं लिहिलं होतं त्यानं. आईला वाचून दाखवताना माझा आवाजच बसला. तू कागद ओढून घेतलास आणि बेधडक सुरू केलंस: इथे ताडाचा गूळ मिळतो, आपल्या माडाच्या गोडासारखा लागतो, येताना आणीन. खादाड माणसा, तेव्हाही तुला गूळच सुचला! आई तेवढंच चार-चारदा वाचायला लावायची आणि दर वेळी तुझी ढेप मोठी व्हायची.

दादा आला, गूळ आला नाही. आईनं कधी विचारलंही नाही. १९९०च्या मार्चात शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेच्या वर जवान गेले होते. आपला परत आला, त्यात गुळाचं कोण काढतो!

परवा सोनूनं ते पत्र वाचलं. म्हातारीसकट. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात अर्धा सोललेला नारळ. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आनी तें गोडाचें पत्र खंय गो?"

सोनू ट्रंक उपसायला लागली. दादा बाहेर सोप्यावर बसला होता. तिथूनच म्हणाला, "आशिल्लें तें. खंय तरी पडलां." होतं म्हणे!

मी त्याला आजवर एक अक्षर बोललेलो नाही. तू सांगितलं होतंस का? खरं सांग, रागावणार नाही.

वहिनीच्या नोकरीचं कळलं, छान झालं. धाकट्याचं दहावीचं काय झालं? मस्कतहून येताना खजूर आणू नकोस, मागचाच उरलाय. आणि फोन नको, आई शेजारीच बसलेली असते. लिही.

तुझा,
आपा